धन्याचा तुकडा

"ड्रमफिंटी," बेथिया म्हणाली. "मला ड्रमफिंटीला न्या."

एफी चहा ओतत होती. तिने किटली खाली ठेवली. चहा सांडून टेबलक्लॉथवर डाग पडला असता तर आईने दिवसभर तेवढ्यावरूनच तोंडसुख घेतलं असतं.

"तिथे काय आहे आता, आई? पायऱ्या आणि चिखल. तुझी चाकाची खुर्ची जायची नाही."

"पायऱ्या किल्ल्याला आहेत. मला बागेत जायचंय. बागेत पायऱ्या नाहीत. चौदा वर्षं राहिलेय मी तिथे, मला शिकवू नकोस."

बेथियाचा थोरला, डॉड, रोवीवर लोणी थापत होता. रोवी, आमच्याकडची चपटी पावरोटी, मुळात लोण्यातच मळलेली असते. तिच्यावर आणखी लोणी फासणारा माणूस एकतर चार दिवसांचा उपाशी असतो, नाहीतर परदेशातून आलेला. डॉड एकोणिसाव्या वर्षी कॅनडाला गेला होता आणि सत्तेचाळीस वर्षांत दुसऱ्यांदा घरी आला होता. आठवडाभर त्याने बहिणीला ॲबर्डीनभर पळवलं होतं. कॉलेजचा मुकुटाचा मनोरा, जुना पूल, बंदर, चर्चच्या मागची हिरवळ, सगळ्याचे फोटो काढून झाले होते. लहानपणी ज्या खिडक्यांवर त्याने दगड मारले त्यांचेसुद्धा. पाऊस थांबला की आमच्या शहराचा दगड चमकतो, तेव्हा हा बाबा रस्त्यात उभा राहून "काय शहर आहे गं, एफी!" म्हणायचा आणि लोक वळून बघायचे. आज शेवटचा दिवस होता. आज किल्ले आणि बागा. त्याने यादी केली होती, आणि त्या यादीत ड्रमफिंटी नव्हतं. आईसाठीच त्याने ते वगळलं होतं.

"खरंच जायचंय तुला?" त्याने विचारलं. "मला वाटलं, तुला तिकडचं नावसुद्धा नको असतं."

"नकोच असतं. पण आज जायचंय."

"मग ठरलं!" डॉड म्हणाला. "आणि खुर्ची मी ढकलणार हां. एफीने इतकी वर्षं ढकलली, आज माझी पाळी."

एफी आत गेली आणि आईच्या बिछान्याची उशी उचलून पाहिली. जे वाटलं होतं तेच. गुरुवारचं वर्तमानपत्र घडी करून तिथे ठेवलेलं होतं. एफीने स्वतः गुरुवारी सकाळी ते आईच्या नजरेआड शेगडीत घातलं होतं, तेव्हा ही दुसरी प्रत शेजारच्या मिसेस डफसकडून आलेली. चौथ्या पानावर बातमी होती: ड्रमफिंटी किल्ल्याच्या बागेत नवी गुलाबवाटिका, हंगाम संपताच सोमवारपासून खोदकाम. बातमीखाली बागेचा नकाशा होता आणि नकाशात एका कोपऱ्याभोवती वर्तुळ.

आज रविवार होता.

*

आमच्याकडे बायका नवऱ्याला धनी म्हणत. माझ्या आजीच्या पिढीपर्यंत सर्रास. "धनी शेतावर गेलेत," "धन्यांना विचारून सांगते." आणि हाच शब्द आम्ही आणखी एकासाठी वापरतो, ज्याचं खरं नाव तिन्हीसांजेला कुणी घेत नाही. खुरांचा, शेपटीचा, तोच. त्याला वाईट म्हणून कशाला डिवचा? म्हणून तोही धनी. पूर्वी दर वाडीत त्याच्या नावाने जमिनीचा एक तुकडा सोडलेला असे. त्यात नांगर घालायचा नाही, फावडं मारायचं नाही, गुरं सोडायची नाहीत. बाकीची जमीन आमची, हा तुकडा धन्याचा, आता आमच्या वाटेला जाऊ नकोस, असा तो व्यवहार. शिकलेली माणसं हसतात. हसू देत. पण त्यांनाही त्या तुकड्यात फावडं घालायला सांगून बघा, नेमकी त्याच दिवशी त्यांची पाठ धरते.

ड्रमफिंटीच्या बागेत असा तुकडा होता. फळबागेच्या भिंतीपलीकडे, यू नावाच्या झाडांच्या काळ्या कुंपणामागे, गुडघाभर उंचीच्या दगडी बांधाने वेढलेला. जाणारा-येणारा प्रत्येक जण एक खडा उचलून बांधापलीकडे टाकी. तुझं तुझ्याकडे, माझं माझ्याकडे. डॉड आणि एफी लहानपणी शाळेतून येताना रोज टाकत. त्यांचे वडील, सँडी रेनी, कागदोपत्री अलेक्झांडर, त्या बागेत माळी होते.

सँडी रेनीच्या हाताला मातीत यश होतं आणि घशाला दारूचीही चांगलीच सवय होती. बाहेर गोड माणूस. गुत्त्यात बसला की एकच पालुपद: एक दिवस बोटीत बसेन आणि कॅनडाला जाईन, मग बसा बोंबलत. एके वर्षी, ऑक्टोबरात, बटाट्याच्या सुट्टीत, तो दिसेनासा झाला. आमच्याकडे शाळेला तेव्हा पोरांनी बटाटे काढायला जावं म्हणून सुट्टी मिळे. अकरा वर्षांचा डॉड पलीकडच्या गावी शेतावर मुक्कामाला होता. तिसऱ्या दिवशी हातात पहिली कमाई घेऊन तो घरी आला, तर वडील नव्हते आणि धाकट्या बहिणीचा हात प्लास्टरमध्ये होता. पेअरच्या झाडावरून पडली, असं त्याला सांगितलं गेलं. तो डावा कोपर आजही सरळ होत नाही.

"गेला कॅनडाला," सगळं गाव म्हणालं. डॉड मोठा झाला, आणि तोही गेला. बापाला शोधायला.

एफीला त्या दिवसातलं एकच चित्र आठवत होतं. ती स्वयंपाकघरातल्या बाकावर पडलीय, हात शालीत गुंडाळलेला, आणि उघड्या दारातून दिसतंय की सकाळच्या उन्हात आई पंपाखाली फावडं धुतेय. फक्त फावडं. दोन्ही बाजूंनी, मन लावून, पुन्हा पुन्हा. फावडी नेहमी वडील धुवायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्या चित्राचा अर्थ काय, हे एफीने आईला कधीही विचारलं नाही. आठ वर्षांची असताना नाही, अठराव्या वर्षी नाही, आणि आता त्रेसष्टाव्या वर्षी तर नाहीच. विचारलं नाही तोवर आपल्याला माहीत नाही, एवढ्या आधारावर ती आईला न्हाऊ-माखू घालत होती, तिचे पाय चोळत होती.

*

गाडीत डॉडने खिशातून एक फोटो बाहेर काढला. गेल्या आठवड्यातच दाखवायचा होता, पण योग्य वेळ शोधत होता म्हणे. एफी गाडी चालवत होती, तो मागे आईशेजारी बसला होता.

"आई, हे बघ. घाबरू नकोस. तो सापडला."

एफीने आरशात पाहिलं. आईने चष्मा वर सरकवून फोटो डोळ्यांजवळ नेला होता. बर्फातला करडा दगड, त्यावर कोरलेलं नाव: अलेक्झांडर रेनी.

"लाकूड कापायच्या छावणीत होता," डॉड सांगत होता. "वारला त्याला पस्तीस वर्षं होतील. बेवारस पुरलं होतं, नुसती एक लाकडी पाटी. वय जुळतं, नाव जुळतं, स्कॉटलंडचा होता हे जुळतं. किती वर्षं पत्रं लिहिली मी, आई! चर्चना, पोलिसांना, पेपरात जाहिराती. गेल्या वर्षी सापडला. मी दगड बसवून घेतला. खाली बघ, 'त्याच्या मुलाकडून'. तिथे उभा राहून मी... जाऊ दे. बरं वाटलं. एकदाचं बरं वाटलं बघ."

सहासष्ट वर्षांचा टकला माणूस, पण बापाचा विषय निघाला की अजून अकराचा होई.

बेथियाने फोटो उलटून मागची बाजूही पाहिली.

"दगड चांगला आहे," ती म्हणाली. "कुणाचा आहे?"

"बाबांचा, आई!"

"हं," बेथिया म्हणाली आणि फोटो त्याच्या मांडीवर ठेवला. "बिचाऱ्याला कुणीतरी दगड दिला, बरं झालं."

डॉडने आरशातून एफीकडे पाहून ओठ दुमडले. म्हातारी झाली, विसरते, असा त्याचा अर्थ. आई काही विसरत नसे. मिसेस डफसच्या नातवंडांच्या वाढदिवसांच्या तारखासुद्धा तिला पाठ होत्या.

एफीला एवढंच हवं होतं, की डॉडने उद्याच्या विमानाने निघून जावं आणि हे समाधान सोबत न्यावं. मग मागे काय व्हायचं ते होवो. फक्त आजचा दिवस टळायला हवा होता.

"क्रेथीजचा किल्ला आधी बघूया का?" ती म्हणाली. "तिथली बाग जास्त चांगली आहे. ड्रमफिंटी परत येताना."

"परत येताना अंधार होईल," आई म्हणाली. "सरळ चल."

समुद्राकडून धुकं चढत होतं. बांचरी गावाच्या अलीकडेच त्याने रस्त्याच्या दोन्ही बाजूंची शेतं गिळली. एफी हळू चालवत राहिली, जेवढं हळू चालवता येईल तेवढं, आणि मागून आई म्हणाली, "एफी, आपण तिरडी नेत नाहीयोत."

डॉड मोठ्याने हसला.

*

हंगामाचा शेवटचा दिवस म्हणून किल्ल्यात गर्दी होती. म्हणजे आमच्या मानाने गर्दी, पंधरा-वीस माणसं. गुलाबी गिलाव्याच्या भिंती धुक्यात अर्ध्याच दिसत होत्या, वरचे मनोरे कापून नेल्यासारखे. डॉडला आत जाऊन बघायचं होतं. लहानपणी त्याला स्वयंपाकघराच्या दाराच्या पुढे कुणी येऊ दिलं नव्हतं, आणि आता तो तिकीट काढून मालकांच्या पलंगाला हात लावणार होता. एफीने आशेने "जा, जा, सगळं बघ" म्हटलं. तो तासभर गेला. दोघी चहाच्या खोलीत बसल्या.

"आई," एफी शेवटी म्हणाली. आवाज खाली, मान खाली. "तू पेपर वाचलास."

"वाचला."

"मीही वाचला."

"ते कळलं मला. शेगडीत कागदाची राख वेगळी दिसते."

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी स्कोनवरच्या जॅमसाठी भांडत होतं. बेथिया आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. गाठी आलेले, मोठ्या सांध्यांचे हात.

"त्याला जाऊ दे ना, आई," एफी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "उद्या दुपारचं विमान आहे. त्याने दगड बसवलाय. त्याला बरं वाटतंय. तुला माहितीय का, तो मला काय म्हणाला? म्हणाला, आता मला झोप लागते. सहासष्टाव्या वर्षी! तुला हे मोडायचंय?"

"उद्या खणायचं यंत्रच ते मोडेल," बेथिया म्हणाली. "विमानात बसला म्हणून काय? तिकडे पेपर नसतात? पोलीस फोन करत नाहीत?"

एफीने तोंडावर हात घेतला. आजवर दोघींमध्ये इतकं उघड कधी बोललं गेलं नव्हतं. त्या एका वाक्यात पंचावन्न वर्षं होती, आणि त्यात न समजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"तुला ठाऊक होतं," बेथिया म्हणाली. "तू विचारलं नाहीस, म्हणून मी तुझ्याकडेच राहिले."

तेवढ्यात डॉड आला, गाल लाल झालेले, अंगात उत्साह मावत नव्हता. "एफी, त्या पलंगात माणसं झोपत कशी असतील गं, बसूनच झोपायला लागेल! चल आई, आता बाग. बाबांची बाग बघू."

*

बागेच्या दाराशी एक तरुण उभा होता. छातीवरच्या बिल्ल्यावर जाइल्स लिहिलं होतं आणि बोलणं पार दक्षिणेकडचं, इंग्लंडचं. बागेचा नवा व्यवस्थापक. सभ्य मुलगा, मनापासून काम करणारा, आणि सहा महिन्यांत इथल्या एकाही माणसाशी धड ओळख न झालेला.

"तुम्ही इथे राहत होता?" तो बेथियापुढे गुडघ्यांवर बसला. "काय सांगता! मग तुम्हाला आमचा नवा प्रकल्प आवडेल. जुन्या कागदांत त्या कोपऱ्याचं सुंदर नाव सापडलं आम्हाला. धन्याचा तुकडा! म्हणजे बघा, कुणा प्रेमळ नवऱ्याने बायकोसाठी राखून ठेवलेली जागा. इथल्या माळ्यांना विचारलं, तेही नाही म्हणाले नाहीत."

"हो म्हणाले का?" बेथियाने विचारलं.

जाइल्सने बिल्ला सरळ केला. "नाही, तसं काहीच म्हणाले नाहीत. गप्प माणसं आहेत हो इथली. आणि गंमत म्हणजे उद्या सगळ्यांनीच आजारपणाची रजा टाकलीय, चौघांनीही. शेवटी ग्लासगोहून माणूस बोलवला जेसीबी चालवायला."

डॉडला हसू आवरेना. जाइल्स दुसऱ्या पाहुण्यांकडे वळला तसं त्याने खुर्ची पुढे लोटत बहिणीच्या कानात म्हटलं, "प्रेमळ नवरा! अगं, सैतानाच्या जमिनीवर गुलाब लावतोय हा, आणि कुणी सांगत नाहीये त्याला!"

सांगणार कोण? एखादा माणूस त्या तुकड्याकडे बोट दाखवून तो कुणाचा ते स्पष्ट बोलला, तर त्याला बोलवल्यासारखंच होतं. आम्ही गप्प राहतो आणि रजा टाकतो. आमचं हे गप्प राहणं एफीला त्या घडीला विषासारखं वाटलं. सगळी माणसं अशीच गप्प होती म्हणून तर हे पंचावन्न वर्षं टिकलं होतं.

वाट उताराची होती. यूचं कुंपण दोन्ही बाजूंनी माणसापेक्षा उंच, पानांवरून धुक्याचे थेंब टपटपत होते. मागे पाहुण्यांचे आवाज विरत गेले. डॉड बोलत होता. इथे बाबा कलमं करायचे. इथे त्यांनी मला पहिला मुळा खायला दिला. या भिंतीवर पेअरचं झाड होतं ना, एफी, तू पडलीस ते?

"भिंतीला टेकवलेलं झाड होतं ते," एफीच्या तोंडून निघालं. "कमरेएवढं." आणि बोलताबोलताच तिला पहिल्यांदा उमजलं, की तेवढ्याशा झाडावरून पडून कुणाचा हात असा मोडत नाही.

पुढे कुंपण संपलं. धुक्यात पिवळं यंत्र उभं होतं, पंजा जमिनीला टेकलेला. त्याच्या पलीकडे दगडी बांध, आणि बांधाच्या आत गुडघाभर गवत आणि काटे. नवी कोरी पाटी रोवलेली होती, गुलाबाच्या चित्राची. आत एकही पायवाट नव्हती. गवत सगळीकडे सारखंच वाढलेलं, फक्त मधे एका ठिकाणी जरासं खोल बसलेलं. ज्याला बघायचं नसेल त्याला ते दिसलंही नसतं.

"अगदी तसंच आहे," डॉड हळू आवाजात म्हणाला. कॅनडातला सगळा मोकळेपणा त्याच्या आवाजातून गेला होता. तो वाकला, वाटेवरचा एक खडा उचलला आणि लहानपणीच्या सवयीने हात मागे नेला.

"टाकू नको," आई म्हणाली. "लागेल."

एफीला आठवलं. त्या ऑक्टोबरनंतर आईने दोघांनाही खडे टाकू दिले नव्हते. हातावर चापटी मारायची. का ते सांगायची नाही.

"कुणाला लागेल, आई?" डॉडने हसत विचारलं.

"धन्याला."

"अजून भितेस त्याला?"

"भीत नाही. तो त्याच्या तुकड्यात आहे."

हे वाक्य दोघांनी शेकडो वेळा ऐकलं होतं. चर्चचे पाद्री घरी आले, आणि त्यांनी विचारलं, बेथिया, तुझे धनी कुठे आहेत, तर ती म्हणाली होती, धनी त्याच्या तुकड्यात आहे. पाद्री कानावर हात ठेवून निघून गेले. गुत्त्यात लोकांनी आठवडाभर हसून घेतलं: बेथियाने नवऱ्याला सैतानाच्या हवाली केलं! बाई कडवट झाली, म्हणाले. पोलीस हवालदाराने विचारलं, त्यालाही तेच उत्तर, आणि त्याने वहीत लिहिलं, कॅनडा. डॉड एकोणिसाव्या वर्षी स्टेशनवर ट्रंक घेऊन उभा होता, तेव्हा आई म्हणाली होती, तो तिथे नाहीये, डॉड, तिथे जाऊन सापडायचा नाही. एफी शेजारीच होती. कॅनडा हा शब्द आईच्या तोंडून कधी, एकदाही, निघालेला नव्हता. तो गावाने म्हटला होता.

डॉडचा हात अजून वरच होता. त्याने आईकडे पाहिलं, मग तुकड्याकडे, मग पुन्हा आईकडे.

"कुठला धनी, आई?"

पंचावन्न वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

"माझा," बेथिया म्हणाली.

डॉडने खुर्चीची मूठ सोडली. वाट उताराची, खुर्ची हलली आणि बांधाकडे घरंगळू लागली. बेथियाने चाकाला हातसुद्धा लावला नाही. एफीने झेप घेऊन वाकड्या हातानेच खुर्ची पकडली, खांद्यापर्यंत कळ गेली, आणि तिने ब्रेक लावला.

"त्या हाताने नको गं, बाय," आई म्हणाली. मग मुलाकडे वळून, जणू बाजारातून काय आणलं ते सांगावं इतक्या साधेपणाने: "फावड्याच्या दांड्याने मोडला त्याने तो. दुसऱ्यांदा उगारलं, डोक्यावर. आठ वर्षांची पोर. मग फावडं माझ्या हातात आलं. दुसरीकडे कुठे पुरला असता तर पहिल्याच वसंतात कुणीतरी खणलं असतं. माळ्यांचंच गाव. म्हणून इथे. इथे कुणी खणायचं नाही, हे मला माहीत होतं."

"आणि मी?" डॉडचा आवाज ओळखू येत नव्हता. "सत्तेचाळीस वर्षं, आई. मी कुणाच्या थडग्यावर रडलो?"

"तुला मी स्टेशनवर सांगितलं होतं."

"तू असं सांगितलंस? असं?"

बेथियाने पहिल्यांदाच नजर खाली केली. "याहून जास्त बोलले असते, तर मला नेलं असतं. मग या पोरीला कुणी पाहिलं असतं?" ती पुढे म्हणाली, "चुकलं माझं, डॉड. तुझ्या बाबतीत चुकलं. त्याच्या बाबतीत नाही."

एफी रडत होती. आपल्यासाठी, या वाकड्या हातासाठी, आईने सैतानाच्या जमिनीत फावडं घातलं, आणि त्याची किंमत भावाने आख्खं आयुष्य मोजली. तिला आईच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं आणि आईचा चेहराही बघवत नव्हता.

डॉड बांधापर्यंत गेला. गुडघ्याएवढा बांध, पोरालाही ओलांडता आला असता. त्याने पाय उचलला नाही. हातातला खडा त्याने बांधावरच्या दगडावर ठेवला, आवाज होणार नाही इतक्या हळू, आणि तसाच उभा राहिला.

मागून पावलं वाजली. जाइल्स धुक्यातून आला, हातात चाव्यांचा जुडगा.

"माफ करा, बाग बंद करायची वेळ झाली. सगळं ठीक आहे ना?"

"उद्या किती वाजता सुरू करता?" डॉडने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"आठला. का?"

"मला यायचंय."

"अहो, पण उद्यापासून बाग बंद. फक्त कामाची माणसं. तुम्ही..." जाइल्स गोंधळला. "तुम्ही कोण म्हणून येणार?"

डॉड वळला. त्याच्या टकलावर आणि गालांवर धुक्याचं पाणी होतं.

"मी धन्याचा मुलगा," तो म्हणाला.

जाइल्सचा चेहरा एकदम उजळला. त्याने पाटीकडे पाहिलं, डॉडकडे पाहिलं, आणि आनंदाने हात पुढे केला. "अरे वा!" तो म्हणाला. "मग तर तुम्ही यायलाच हवं."